औषधाची चिठ्ठी बाहेर गेली की बचत कुणाची?

सरकारी दवाखान्याच्या खर्चाला कात्री लावायची म्हटली की पहिली नजर औषधांवर जाते. तिथं वाचवण्यासारखं खरंच बरंच आहे. पण भांडारात औषध नव्हतं म्हणून खर्च झाला नाही, याला बचत म्हणता येत नाही. डॉक्टर ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी देतात, नातेवाईक समोरच्या मेडिकलमध्ये जातात आणि सरकारला जे औषध घाऊक दरात पडलं असतं तेच छापील किमतीला घेऊन येतात. देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून भरली, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. या आकड्यात अशा चिठ्ठ्याही आहेत.

मग कात्री लावायची कुठं? भांडाराची यादी घ्यायची, प्रत्येक औषधाचा वर्षाचा वापर दरानं गुणायचा आणि येणाऱ्या रकमा मोठ्याकडून लहानाकडे लावायच्या. साधारण १० ते १५ टक्के औषधांवरच ७० टक्के पैसा जातो, हे लगेच दिसतं. हा ‘अ’ गट. त्यापुढची २० टक्के ‘ब’ आणि उरलेला मोठा घोळका ‘क’ गटात. यानंतर तीच यादी दुसऱ्या अंगानं तपासायची: कोणतं औषध नसलं तर जीव जाईल, कोणतं आवश्यक आहे आणि कोणतं असलं तर बरं. दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या की निर्णय सोपे होतात. घासाघीस, वापराची तपासणी, दर आठवड्याची मोजदाद हे सगळं ‘अ’ गटासाठी. ‘क’ गटातल्या जीवरक्षक औषधाला मात्र हात लावायचा नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं ॲट्रोपिन स्वस्त असतं, पण गंभीर रुग्णाला त्याच्या अँप्युलवर अँप्युल फोडाव्या लागतात. त्याचा तीन महिन्यांचा जादा साठा ठेवला तरी बजेट हलत नाही. सर्व औषधांवर सरसकट २० टक्के कपात हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण त्यात ॲट्रोपिन आणि खोकल्याचं औषध एकाच मापानं कापलं जातं.

मागणीपत्रकातली एक चूक फार नुकसान करते आणि सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या ८०,००० गोळ्या वर्षात वाटल्या गेल्या. त्याला १२ नं भागलं की महिन्याला सुमारे ६,६७० येतात आणि पुढच्या वर्षाची मागणी त्यावरच जाते. पण साठा नोंदवही उघडली तर मधले चार महिने शिल्लक शून्य दिसते. म्हणजे ८०,००० गोळ्या आठ महिन्यांतच गेल्या. खरी गरज महिन्याला १०,००० ची आहे. त्या चार महिन्यांत मधुमेह कुणाचाच थांबला नव्हता, रुग्ण बाहेरून गोळ्या घेत होते. ही दुरुस्ती केली नाही तर यंदाच्या तुटवड्यातून पुढच्या वर्षीचा तुटवडा तयार होतो आणि कागदावर मात्र मागणी कमी झाल्यासारखी दिसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले; त्याआधीच्या वापरावर काढलेली मागणीही अशीच अपुरी पडते.

फेरमागणी कधी करायची याचा हिशेब साधा आहे. रोजचा वापर ४० नग, माल यायला ६० दिवस, वर ३० दिवसांचा राखीव साठा, तर शिल्लक ३,६०० वर येताच मागणी गेली पाहिजे. कोल्हापुरात मात्र वर्षाची सरासरी दगा देते. भात लावणीच्या दिवसांत गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी भागात सर्पदंश वाढतात. विषबाधेची लक्षणं दिसली की एका रुग्णाला सुरुवातीलाच प्रतिविषाच्या १० कुप्या लागतात. महिन्याला सरासरी ३० कुप्या म्हणून तेवढ्याच ठेवल्या तर चौथ्या रुग्णाला द्यायला काही उरत नाही. त्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. त्यामुळे पावसाळ्याचा साठा गेल्या पावसाळ्याच्या वापरावर काढायचा आणि तो मे अखेरीस तालुक्याच्या ठिकाणी पोचलेला हवा. शिल्लक राहिलाच तर मुदत जवळ आलेल्या कुप्या, जिथं वापर जास्त तिथं आधी पाठवायच्या.

दर उतरवण्याचं काम राज्य पातळीवरच होतं, कारण एका तालुक्याच्या खरेदीला बाजारात वजन नसतं. तमिळनाडूनं १९९४ मध्ये त्यासाठी वेगळं महामंडळ काढलं. पुरवठादाराची पात्रता आधी तपासली जाते, दराचा लिफाफा नंतर उघडतो. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळतं. ठरलेल्या रकमेत कोणतं औषध किती उचलायचं हे तिथले डॉक्टर ठरवतात. महाराष्ट्रात २०१७ पासून ही खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्या औषधनिर्मिती महामंडळाकडे होती. २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं.

राज्यभराची अशी एकत्रित खरेदी फसते ती बहुधा देयकांवर. बिलं महिनोन्‌महिने अडकली की चांगले पुरवठादार निविदाच भरत नाहीत, आणि जे भरतात ते उशिराची किंमत दरात धरतात. सगळी मागणी एकाच कंपनीला दिली आणि ती अडली तर राज्यभर एकदम चिठ्ठ्या सुरू होतात. सर्वांत कमी दराला तयार होणाऱ्या दुसऱ्या पुरवठादारालाही थोडा वाटा देणं हा त्यावरचा उपाय.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तर चिठ्ठीला जागाच नाही. पॅकेजच्या दरात औषधं, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं असतं. तरीही कुणी औषध बाहेरून आणायला सांगितलं तर रुग्णालयातल्याच आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, लेखी तक्रार करायची आणि मेडिकलचं बिल जपून ठेवायचं.

एक काम तर प्रत्येक रुग्णालयाला उद्यापासून जमेल. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीची नक्कल ठेवायची: तारीख, औषध, मात्रा, नग. महिनाअखेर औषधनिर्माण अधिकाऱ्यानं ती बेरीज भांडारातल्या वापरात मिळवून मागणीपत्रक करायचं आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत, खर्चाच्या आकड्याशेजारीच, चिठ्ठ्यांचा आकडा मांडायचा.