चढावरची इंटरव्हल चाल

ट्रेडमिलचा पट्टा काही मिनिटे उंचावून, मग पुन्हा सपाटीला आणून आळीपाळीने चालण्याचा व्यायामप्रकार. चालण्याचा वेग साधारण तोच राहतो. दम लागतो तो चढामुळे. दोन्ही पाय एकदम हवेत जात नसल्याने धावण्यातले आदळणे यात नसते.

ट्रेडमिलवरचा चढ टक्क्यांत मोजतात. १०० मीटर आडव्या अंतरामागे १० मीटर उंची म्हणजे १० टक्के, कोनात जेमतेम ५.७ अंश. आकडा किरकोळ दिसतो, पण पोटऱ्या आणि नितंबांना त्याचे वजन लगेच कळते. व्यायामशास्त्रातील रूढ सूत्राने, ताशी ५ किमी वेगाने सपाटीवर चालताना दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो; १० टक्के चढावर सुमारे २७. खोलीत माणूस तसूभरही वर जात नाही हे खरे, पण पट्टा त्याला सतत खाली नेत असतो आणि पावलागणिक शरीर पुन्हा वर उचलावे लागते. हृदयाच्या तपासणीतली, हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांची ताणचाचणीही (स्ट्रेस टेस्ट) चढाचाच आधार घेते: सुरुवात ताशी २.७ किमी आणि १० टक्क्यांपासून, मग दर ३ मिनिटांनी वेग व चढ दोन्हींत वाढ.

नेहमीचे सत्र असे: ५ मिनिटे सपाटीवर, मग २ मिनिटे ६ ते ८ टक्के आणि २ मिनिटे १ टक्का अशा ५ फेऱ्या, शेवटी ५ मिनिटे सावकाश. चढावर बोलताना वाक्य मध्येच तुटावे, इतपत श्रम पुरेत. बटण दाबल्यावर पट्टा हळूहळू उचलला जातो, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्यांना इथे फारसा अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कठड्यामुळे. तो घट्ट धरून मागे रेलले की शरीर पट्ट्याशी काटकोनात येते, हातही भार उचलतात आणि चढाचा बराचसा फायदा तिथेच संपतो. पडद्यावरचे कॅलरीचे आकडे मात्र आपले वाढतच राहतात. कठड्याशिवाय जमत नसेल तर चढ किंवा वेग उतरवावा.

पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या कंडरेवर (अकिलीज टेंडनवर) यात ताण येतो, त्यामुळे ती आधीच दुखत असेल तर कमी चढच बरा. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. बहुतेक यंत्रांवर उतार नसतो. डोंगर उतरताना मांड्यांना जो ब्रेक लावावा लागतो, त्याचा सराव यातून होत नाही.