पार्श्वभूमी : ऑटिझमच्या अभ्यासात ऑटिस्टिक माणसं कधी आली?

सांगली जिल्ह्यात ऑटिझमवर (मेंदूच्या घडणीतलं जन्मजात वेगळेपण, ज्यात बोलणं, वागणं, आवाज-प्रकाश जाणवणं वेगळं असतं) काही अभ्यास करायचं ठरलं की पहिली धाव असते ती शाळांची आणि दवाखान्यांची यादी मिळवण्याकडे. प्रश्नावली आधीच छापून तयार असते. पालकांना बोलावून ती भरून घेतली जाते, आणि अहवालाचं पुढे काय झालं हे त्या पालकांच्या कानावर बहुधा येतच नाही. ही रीत फार जुनी आहे. तिला दुसरी वाट कशी फुटली, म्हणजे ऑटिस्टिक माणसंच अभ्यासात भागीदार कशी झाली, ते सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी.

१९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा ऑटिस्टिक मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांचं लेखन आलं. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांबद्दल बारकाईने लिहिलं होतं, पण ते फार काळ मागे पडून राहिलं. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या संदर्भात आधीच वापरात आणला होता. मराठीत त्याचं ‘स्वमग्नता’ झालं. शब्द कानाला गोड आहे, पण तो बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. पाहणाऱ्याला वाटतं की मूल स्वतःतच गुंग आहे. मूल मात्र शेजारच्या घरातल्या मिक्सरने हैराण झालेलं असू शकतं. म्हणून इथे ऑटिझम आणि ऑटिस्टिक हेच शब्द ठेवले आहेत.

पुढची वीस-पंचवीस वर्षं दोष आईच्या माथी मारला गेला. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे मत ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून घरोघर पोचवलं. ते खोडून काढण्यात पालकच पुढे होते. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड आणि लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग या दोघांचीही मुलं ऑटिस्टिक होती. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या (म्हणजे सारखीच जनुकं असलेल्या) जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक निघाली. १० वेगळ्या जुळ्यांत अशी एकही जोडी नव्हती. आनुवंशिकतेचा हात स्पष्ट झाला आणि आईवरचा आरोप अभ्यासकांपुरता तरी संपला. आपल्याकडे ‘आई नोकरीला जाते म्हणून’, ‘मोबाइल हातात दिला म्हणून’ हे अजून ऐकू येतं आणि आया ते मुकाट ऐकून घेतात, याचं वाईट वाटतं.

पालक आत आले, तरी ज्यांच्याविषयी हे सगळं चाललं होतं ती माणसं दाराबाहेरच होती. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून स्पष्ट म्हटलं की आमच्यासाठी शोक करू नका. पालकाला हवं असतं मूल बोलायला लागणं. त्याच मुलाला मोठेपणी हवी असते नोकरी, शांत खोली, ऐकून घेणारा डॉक्टर. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत, पण त्या एकच नाहीत.

ऑटिस्टिक माणसांना अभ्यासात भागीदार करण्याला पद्धतीचं रूप मिळालं ते २००६ मध्ये, अमेरिकेतल्या ‘आस्पायर’ या गटात. डॉक्टर-संशोधक क्रिस्टिना निकोलायडिस आणि ऑटिस्टिक संशोधक डोरा रेमेकर यांनी तो उभा केला. प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत दोन्ही बाजू बरोबरीने. समोरासमोर बसून पटापट बोलणं अनेकांना जमत नव्हतं, म्हणून बैठका लेखी चॅटवर घेतल्या. सहमतीसाठी एक ते पाच बोटांची पद्धत ठेवली: कोण पूर्ण राजी, कोण नाराज पण चालवून घेईल आणि कुणाचा ठाम विरोध, हे आकड्यावरून कळायचं. ठाम विरोध आला की मुद्दा पुन्हा चर्चेला. रूढ प्रश्नावल्यांतले मोघम प्रश्नही त्यांनी बदलले. मराठीत हेच करून पाहा. ‘तुम्हाला बाजारात जायला अडचण येते का?’ या प्रश्नावर ऑटिस्टिक माणूस अडतो, आणि त्याचं अडणं रास्त असतं. बाजार कुठला? आठवडी बाजार की कोपऱ्यावरचं दुकान? एकटं जायचं की कुणाबरोबर? प्रश्न नीट केला की उत्तर लगेच मिळतं.

ब्रिटनमध्ये २०१३ च्या एका अहवालात लिझ पेलिकानो आणि सहकाऱ्यांनी पैशाचा हिशेब मांडला. ऑटिझम-संशोधनाचा निम्म्याहून जास्त निधी मेंदू, जीवशास्त्र आणि आकलन यांवर जात होता; रोजच्या जगण्यातल्या सेवांना फार थोडा मिळत होता. भागीदारी नसली की काय होतं, ते २०२१ मध्ये दिसलं. दहा हजार जणांचे डीएनए नमुने गोळा करणारा ‘स्पेक्ट्रम १०के’ हा प्रकल्प ऑगस्टमध्ये जाहीर झाला आणि ऑटिस्टिक लोकांच्या आक्षेपांमुळे सप्टेंबरमध्येच थांबवावा लागला. माहिती पुढे कुणाच्या हाती जाईल, हा साधा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

भारतात १९९१ मध्ये दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था पालकांच्या पुढाकाराने सुरू झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं; ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आलं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली ऑटिझम नाही. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या ‘पास’ या पालक-प्रशिक्षणाच्या प्रयोगात ६५ मुलांचे पालक होते. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाशी कसं खेळायचं, कुठे थांबायचं हे शिकवलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मूल आणि पालक यांच्यातला संवाद सुधारलेला दिसला. जिल्ह्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा धडा आहे, कारण आशाताई आणि अंगणवाडीताई गावोगाव आहेत, तज्ज्ञ नाहीत.

ज्यांच्याविषयी अभ्यास आहे त्यांनीच त्यात भाग घ्यावा, ही कल्पना सांगलीला परकी वाटू नये. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी आपल्याच बागेतली वेगळी वेल हेरून ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे आणलं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात शेतकरी स्वतः प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि त्या एकमेकांना कळवत. बाग ज्याची, निरीक्षणाचा मानही त्याचा.

ऑटिझमचा अभ्यास असा करायचा तर काही गोष्टी आधीच धरून चालाव्या लागतात. सुरुवात सहा ते आठ जणांच्या गटापासून करावी आणि त्यात निम्म्या जागा ऑटिस्टिक प्रौढांना द्याव्यात. पालकांची बैठक शक्यतो वेगळी ठेवावी, कारण आई शेजारी बसली की उत्तर तीच देते. विषयपत्रिका आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवावी. बरोबर खोलीचा, दाराचा आणि भेटणाऱ्या माणसांचा फोटो जोडावा. लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि खडखडणारा पंखा आदल्या दिवशीच तपासावा. बोलायचं नसेल तर टाइप करून किंवा नंतर लिहून कळवण्याची मुभा असावी. जत-आटपाडीहून यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, तेव्हा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज त्याच दिवशी हातात पडला पाहिजे. ‘बिलं लावून द्या, दोन महिन्यांनी मिळेल’ म्हटलं की माणूस परत येत नाही. उसाच्या हंगामात आणि गणपतीत बैठका ठेवू नयेत. डॉल्बीच्या दहा दिवसांनंतर कित्येकांना सावरायला वेळ लागतो, आणि खरं तर तोच अभ्यासाचा पहिला प्रश्न होऊ शकतो.

भाषांतर सगळ्यात जास्त फसतं. ‘नावाने हाक मारल्यावर मूल बघतं का?’ असा प्रश्न ऑटिझमची शक्यता आधी तपासणाऱ्या चाळणी-चाचण्यांत असतो. एकत्र कुटुंबात मुलाला सगळे ‘बाळ्या’ किंवा ‘सोन्या’ म्हणतात. शाळेतलं नाव त्याच्या कानावर क्वचितच पडलेलं असतं. परक्या माणसाने ते नाव घेतलं आणि मुलाने वळून पाहिलं नाही, तर कागदावर चुकीची खूण पडते. घरात काय हाक मारतात ते आधी विचारून तीच हाक आईला मारायला सांगावी.

संमतीचंही असंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांचा लेखी होकार, पालकांच्या संमतीबरोबरच घ्यायचा असतो. न बोलणाऱ्या मुलाने कान झाकले, दाराकडे धाव घेतली, तर तो नकार समजून त्या दिवशी थांबायचं. २०१६ च्या कायद्याचं कलम ६ याहून पुढे जातं: समजेल अशा मार्गाने घेतलेल्या मुक्त संमतीशिवाय आणि दिव्यांगत्व संशोधन समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करता येत नाही. त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात, आणि नोंदणीकृत संस्थांत पालकांच्या संघटनाही येतात. जिल्ह्यात अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येकाला हे कलम दाखवून परवानगीचा कागद मागता येतो. अहवाल दोन पानी मराठीत गटाला आधी वाचायला मिळेल, ही अटही पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावी.