चिमणीतील पांढरा लोट म्हणजे केवळ वाफ नव्हे

लाकडी पॅनेलच्या कारखान्याचा विस्तार ठरला की ‘लाकूड नैसर्गिक, चिमणीतून निघते ती नुसती वाफ’ असा दिलासा हमखास दिला जातो. हे अर्धसत्य आहे. पांढऱ्या लोटात वाफच बहुतांशी असते. परंतु ओल्या लाकडाचे तुकडे ड्रायरमध्ये तापवताना त्यांतील टर्पीन (लाकडाला वास देणारी द्रव्ये), मिथेनॉल, फॉर्मल्डिहाइड या रसायनांची बाष्पेही सुटतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. वाफ विरली तरी ती हवेत उरतात. तुकडे दाबून पॅनेल बनवणाऱ्या गरम प्रेसमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद वापरला असल्यास त्यातूनही फॉर्मल्डिहाइड निघते, ज्याची २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारक म्हणून नोंद केली.

धूळ अडवणारी यंत्रणा बसवली म्हणजे काम झाले, हाही गैरसमजच. गाळणीत कण अडकतात, वायू नव्हे. हे वायू साधारण ८०० अंश सेल्सिअसला जाळावे लागतात, आणि त्याचा इंधनखर्च (खरी कुरकुर तिथेच असते) मोठा असतो. अमेरिकेत १९९३ मध्ये लुइझियाना-पॅसिफिक या पॅनेल कंपनीला हवा प्रदूषणाच्या कायद्याखालील तडजोडीत १ कोटी ११ लाख डॉलर दंड भरावा लागला. विस्ताराच्या अर्जात म्हणूनच वाफेचा रंग नव्हे, बाष्पांचे वार्षिक टन पाहावेत.