जास्वंदीवरचा ढेकूण आणि त्याच्या सुया

ठाण्यात ज्यांच्या बाल्कनीत जास्वंद आहे त्यांना कोवळ्या शेंड्यावर नाहीतर कळीच्या देठाशी पांढरा पिठूळ थर कधी ना कधी दिसतोच. नर्सरीवाले त्याला मिलीबग म्हणतात, शेतकरी पिठ्या ढेकूण म्हणतात, आणि तो खरोखरच गादीतल्या ढेकणाचा भाऊबंद आहे.

तसं बग म्हटलं की लोक काहीही धरतात, झुरळ, मुंगी, कॉम्प्युटरमधली गडबडसुद्धा. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, सापडला आणि वहीत चिकटवला गेला तो प्रसिद्ध बग तर पतंग, म्हणजे फुलपाखरासारखा किडा, होता. कीटकशास्त्रात मात्र हेमिप्टेरा या गणातल्या किड्यांनाच खरे बग मानतात, जाती ८०,००० च्या वर, आणि ओळखायची मुख्य खूण म्हणजे तोंड.

हे तोंड बघायचं असेल तर उन्हाळ्यात येऊरच्या जंगलात जा, काटेसावरीची बोंडं फुटली की खाली पडलेल्या बियांवर लाल-काळे किडे जमतात, बरेचदा दोघं पाठीमागून जोडलेले असतात म्हणून पोरांना तो दोन तोंडांचा किडा वाटतो. एक अलगद उलटा करून भिंगातून बघा. डोक्यापासून निघालेली चोच छातीखाली दुमडून ठेवलेली दिसेल. ते नुसतं म्यान, आत केसाहून बारीक चार सुया असतात, त्यातल्या मधल्या दोन एकमेकींना चिकटल्या की दोन नळ्या तयार होतात, एकीतून लाळ आत जाते आणि दुसरीतून रस वर येतो. बस्स, या एवढ्या हत्यारावर गादीतला ढेकूण आपलं रक्त पितो, मावा नावाचा बारीक किडा पानातला रस पितो, उपवन तलावासारख्या ठिकाणी पाण्यावर सरसर पळणारे किडे बुडणाऱ्या माश्या शोषतात, आणि झाडांवर कर्कश आवाज करणाऱ्या सिकाडा किड्याची पिल्लं जमिनीखाली मुळांना तोंड लावून वर्षानुवर्षं बसतात.

मला हे सगळं सांगावंसं वाटतं कारण सोसायट्यांमध्ये किडा दिसला की सरसकट फवारा मारतात आणि ते बघवत नाही. पान कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात पानावरचं औषध जातं, पण मावा पानाचा पृष्ठभाग खातच नाही, तो सुई थेट आतल्या रसवाहिनीत घालतो, त्यामुळे नुसतं पानावर बसणारं, पोटात जाऊन काम करणारं औषध त्याच्यासाठी वाया. शिवाय त्या रसात साखर भरपूर आणि नायट्रोजन कमी, म्हणून त्याला खूप प्यावं लागतं आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर पडते. झाडाखाली लावलेली गाडी चिकट होते ती बरेचदा यामुळेच. मुंग्या त्यासाठीच येतात, माव्याची राखण करतात, आणि पानांवर काळी बुरशी चढते तीही याच साखरेवर.

मिलीबगवर मेणाचं आवरण असतं, नुसतं पाणी घसरून जातं, साबणाच्या पातळ पाण्याने मात्र ते भिजतं, म्हणून जुन्या टूथब्रशने त्या पाण्यात घासून काढा आणि दोन-चार दिवसांनी परत बघा. पण आधी नीट बघून घ्या हं, कारण मिलीबग खाणाऱ्या एका लेडीबर्ड भुंग्याची अळीसुद्धा अशीच पांढरी झुपकेदार असते, फक्त आकाराने मोठी, आणि काडीने डिवचलं की मिलीबग जेमतेम सरकतो, ही चटाचटा चालायला लागते. ती दिसली तर ब्रश बाजूला ठेवा.