कुलूपबंद कपाटाने चित्रपट जपला जात नाही

विद्यापीठाच्या ग्रंथालयात उघड लैंगिक दृश्यांचे चित्रपट नोंद न करता कपाटात कुलूपबंद ठेवावेत, म्हणजे वाद टळतो आणि ते सुरक्षितही राहतात, हा समज फार जुना आहे. तो चुकीचाच आहे.

नोंदच नसेल, तर चोरी झालेली कळणार कशी? तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदसूचीत, शीर्षक, दिग्दर्शक, वर्ष, लांबी, माध्यम आणि साधे, शेरेबाजी नसलेले वर्णन हवे. ‘फक्त ग्रंथालयात पाहता येईल’ अशी सूचना पुरते. हेडफोन आणि बाजूला वळवलेला पडदा दिला की इतर वाचकांची अडचण होत नाही.

बंद कपाटाने तर नुकसानच होते. जुन्या ॲसिटेट (एक प्रकारचे प्लास्टिक) फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, की ती कुजू लागली समजावे. सुटणारे आम्ल हवाबंद डब्यात किंवा बंद कपाटात कोंडले, की कूज आणखी वेगाने पसरते. डब्यात आम्लमापक पट्टी ठेवावी. निळी पट्टी हिरवी, मग पिवळी होत गेली, तर ते रीळ वेगळे काढून थंड, कोरड्या जागी हलवावे आणि त्याची प्रत आधी करावी.

कायद्याची भीतीही सरसकट खरी नाही. अमेरिकेत सीमाशुल्क खात्याने अडवलेले लैंगिक साहित्य संशोधनासाठी किन्से संस्थेला (मानवी लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेला) मिळावे, असा निकाल न्यायालयाने १९५७ मध्येच दिला. अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण मात्र संशोधनाच्या नावाखालीही ठेवू नये. ते आढळताच प्रत न काढता कायदा सल्लागाराला कळवावे.