क्लिनिकल रिसर्च (नेहमीच्या आजारांचं निदान, उपचार आणि पुढचा अंदाज)

क्लिनिकल रिसर्च म्हणजे प्रत्यक्ष माणसांवर केलेला वैद्यकीय अभ्यास. लॅबमधल्या पेशींवर किंवा उंदरांवर जे काम होतं ते यात मोडत नाही, ते झाल्यावरची पायरी ही. डायबेटीस, बीपी, हार्ट अटॅक, न्यूमोनिया, दमा, टीबी अशा नेहमीच्या आजारांत या रिसर्चला मुळात तीनच प्रश्न सोडवायचे असतात: झालंय काय, करायचं काय आणि पुढे होणार काय. पहिला निदानाचा, दुसरा उपचाराचा, आणि तिसऱ्याला डॉक्टर लोक प्रोग्नोसिस म्हणतात. तिन्हीसाठी पुरावा गोळा करायची पद्धत वेगवेगळी आहे, पण एक गोष्ट तिन्हीकडे सारखी लागू होते, ती म्हणजे कुठलाही आकडा कुणाच्या तुलनेत आणि कुठल्या लोकांमध्ये काढलाय हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो.

आता कुणी म्हणेल की तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला अनुभवाने कळत नाही का? बरंच कळतं, पण काही ठिकाणी अनुभव हमखास फसवतो. बरेच आजार आपले आपण बरे होतात. शिवाय माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्रास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे त्यानंतर काहीही दिलं तरी थोडं बरं वाटणारच असतं, आणि क्रेडिट मात्र औषधाला जातं. आणि जो पेशंट परत आला नाही तो बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की वारला हे कळायला मार्गच नसतो, त्यामुळे डॉक्टरच्या आठवणीत जमा होतात ते फक्त परत आलेले.

निदान

टेस्ट किती चांगली आहे हे दोन आकड्यांत सांगतात. आजार असलेल्यांपैकी किती जणांना टेस्टने पकडलं ती सेन्सिटिव्हिटी, आणि आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर सोडून दिलं ती स्पेसिफिसिटी. दोन्ही ९०% असतील तर टेस्ट झकास वाटते, पण हिशोब करून बघा. समजा १००० लोकांची तपासणी केली आणि त्यातल्या फक्त १० जणांना आजार आहे. टेस्ट त्या १० पैकी ९ जणांना पकडेल, पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही पॉझिटिव्ह दाखवेल. म्हणजे एकूण १०८ पॉझिटिव्ह आणि त्यात खरे आजारी ९, साधारण बारात एक! हीच टेस्ट जिथे १००० पैकी ५०० जणांना आजार असायची शक्यता आहे अशा वॉर्डात केली तर ५०० पॉझिटिव्हमधले ४५० खरे निघतात. टेस्ट तीच, मशीन तेच, फक्त माणसं बदलली. म्हणून चांगला डॉक्टर आधी लक्षणं विचारतो, वय बघतो, तपासतो, शक्यता किती आहे याचा मनात अंदाज बांधतो आणि मग टेस्ट लिहितो, आणि लक्षणं काहीच नसताना शंभर टेस्टचं पॅकेज करून घेतलं की एखादी तरी चुकून पॉझिटिव्ह येणार हे जवळपास ठरलेलंच असतं.

काही टेस्ट आजार पक्का करायला उपयोगी असतात तर काही आजार नाही हे सांगायला. डी-डायमर ही रक्ताची टेस्ट दुसऱ्या प्रकारची. पायाच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका कमीच असेल आणि डी-डायमर नॉर्मल आली, तर पुढची सोनोग्राफी टाळता येते. पण ती वाढलेली आली तर पक्कं काहीच नाही, कारण इन्फेक्शन, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय यानेही ती वाढते.

आजार म्हणजे नेमकं काय, ही रेषसुद्धा रिसर्चनेच आखावी लागते. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची टेस्ट) ६.५% झालं की डायबेटीस म्हणतात, तो आकडा कुणाच्या मनाला आला म्हणून ठरला नाही. पुष्कळ लोकांची साखर मोजली, त्यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले आणि कुठल्या पातळीपासून पडद्यावर डायबेटीसची खराबी दिसायला लागते ते बघून रेष मारली. तरीही ती रेषच आहे, १२५ वाला अगदी सेफ आणि १२७ वाला आजारी असं शरीरात काही होत नसतं.

निदानातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे जास्तीचं निदान, आणि माझ्या मते याबद्दल लोकांना फारच कमी सांगितलं जातं. दक्षिण कोरियात कॅन्सरची सरकारी तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली तेव्हा त्यासोबत मानेची सोनोग्राफीही भरपूर व्हायला लागली, आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत सुमारे १५ पट झालं. मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे सापडलेल्या त्या बारीक गाठींमधल्या बहुतेक गाठींनी त्या माणसाला जन्मभर काहीच केलं नसतं, पण ऑपरेशन झालं, ग्रंथी गेली आणि आयुष्यभराची गोळी मागे लागली. याच्या जोडीला अजून एक भ्रम असतो. समजा एखाद्याचा कॅन्सर लक्षणं दिसल्यावर ६७ व्या वर्षी कळला आणि तो ७० व्या वर्षी गेला, तर निदानानंतर तो तीन वर्षं जगला. तोच कॅन्सर तपासणीत ६० व्या वर्षी सापडला आणि तरीही तो ७० व्या वर्षीच गेला तर कागदावर दहा वर्षं जगला, प्रत्यक्षात एक दिवसही वाढला नाही. म्हणून तपासणीचा फायदा मोजताना निदानानंतर किती जगले हे न बघता दोन गटांमध्ये मृत्यू किती झाले ते बघावं लागतं.

उपचार

इथला मूळ विचार जुना आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, बाकीचं जेवण सगळ्यांना सारखं ठेवलं आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघं सगळ्यात लवकर उठले. पण कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरने ठरवलं की गडबड होते, कारण नकळत जरा धडधाकट पेशंटला नवीन औषध दिलं जातं. यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठी टाकणे, रँडमायझेशन. त्यामुळे वय, वजन, सवयी आणि ज्या गोष्टी आपल्याला माहीतही नाहीत त्यासुद्धा दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात आणि शेवटी जो फरक उरतो तो उपचाराचा धरता येतो.

१९४८ मध्ये छापून आलेली ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल या बाबतीत मैलाचा दगड मानली जाते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने तिची आखणी केली होती. टीबीचे १०७ पेशंट होते, औषध इतकं कमी होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं, मग कुणाला मिळणार ते बंद पाकिटांतून ठरलं. एक्सरे वाचणाऱ्यांना कुठला पेशंट कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. सहा महिन्यांत नुसती बेड रेस्ट मिळालेल्या ५२ पैकी १४ गेले, औषधवाल्या ५५ पैकी ४. आणि त्याच ट्रायलमध्ये हेही दिसलं की बऱ्याच जणांमधले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्यातूनच पुढे टीबीला एकाहून जास्त औषधं एकत्र द्यायची पद्धत आली.

पण हा विषय ज्याला खरंच समजून घ्यायचाय त्याने कास्ट नावाची ट्रायल बघावी. हार्ट अटॅकनंतर काही जणांच्या हृदयात मधेच जादाचे ठोके पडतात आणि अशा लोकांमध्ये अचानक मृत्यू जास्त होतात हे माहीत होतं. हे ठोके बंद करणारी औषधं होती, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड, आणि डॉक्टर ती भरवशाने देत होते, कारण तर्क सरळ होता: ठोके धोक्याचे, औषध ठोके थांबवतं, म्हणजे औषध जीव वाचवतं. ट्रायलमध्ये तर ज्यांचे ठोके औषधाने खरंच कमी झाले अशाच पेशंटना पुढे घेतलं, आणि मग चिठ्ठी टाकून अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग मधेच थांबवावा लागला. शेवटचा हिशोब असा की औषधवाल्या ७५५ पैकी ६३ वारले आणि बिनऔषधाच्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जात होती. एकेका डॉक्टरला हे कधीच कळलं नसतं, कारण हार्ट अटॅकचा पेशंट गेला तर दोष हृदयालाच दिला जातो, आणि शेजारी तुलनेला दुसरा गट नसेल तर गोळीवर कुणाला संशय येणार? त्यामुळे आता नवीन औषधाने साखर उतरली, कोलेस्टेरॉल उतरलं, बीपी उतरलं एवढ्यावर न थांबता माणसं जास्त जगली का, अटॅक कमी आले का, चालता-फिरता येतं का, हे विचारलं जातं, म्हणजे विचारलं जायला हवं.

प्लासिबो, म्हणजे खोटा उपचार, फक्त गोळ्यांपुरता नसतो. २००२ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० पेशंटवर केलेल्या एका अभ्यासात काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला आणि काहींना नुसते वरून छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला, दुखण्यात फरक नाही.

मोठ्या ट्रायलमधून हवं ते शोधून काढायचा मोह फार असतो. १९८८ ची आयसिस-२ ही १७,१८७ पेशंटची ट्रायल, हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिन जीव वाचवतं हे तिने पक्कं केलं. पेशंटचे छोटे छोटे गट पाडून आकडे दाखवा असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशीवारही निकाल छापला, त्यात मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनने किंचित तोटाच दिसतो! डेटा जितका बारीक कापाल तितके योगायोग निघतात हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणजे गट बघूच नयेत असं नाही, आधीपासून ठरवून आणि कारण असेल तर बघावेत. २०२० च्या रिकव्हरी ट्रायलमध्ये कोविडच्या पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, व्हेंटिलेटरवर असलेल्यांमधले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, पण ज्यांना ऑक्सिजनचीच गरज नव्हती त्यांना काहीच फायदा दिसला नाही, आणि हा फरक कुठे शोधायचा ते आधीच ठरलेलं होतं.

बातमीत “धोका ५० टक्क्यांनी कमी” असं आलं की आधी विचारायचं, कितीवरून किती? १०० पैकी २ जणांचा १ झाला तरी ५०%, आणि ४० चे २० झाले तरी ५०%. पहिल्या केसमध्ये एकाचा फायदा व्हायला १०० जणांना औषध घ्यावं लागतं, दुसऱ्यात पाच जणांना. साइड इफेक्ट मात्र घेणाऱ्या सगळ्यांनाच होऊ शकतात.

पुढचा अंदाज

पेशंटचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, “डॉक्टर, पुढे काय?”, आणि रिसर्चचं कमी लक्ष याच प्रश्नाकडे गेलंय. इथे चिठ्ठी टाकता येत नाही, माणसांचा मोठा गट घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहावं लागतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांपासून असा अभ्यास सुरू झाला, पुढे त्यांची मुलं आणि नातवंडंही त्यात आली. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट यांचा हृदयविकाराशी संबंध आज सगळ्यांना पाठ आहे, त्यातला मोठा वाटा या गावाचा. दहा वर्षांत हार्ट अटॅकची शक्यता किती, हे काढायचे स्कोअर इथूनच आले. पण हेच गणित जिथे हृदयविकार मुळात कमी आहे अशा देशांत लावलं तेव्हा धोका वाढवून दाखवला गेला, म्हणून कुठलाही स्कोअर दुसऱ्या लोकसंख्येवर परत तपासल्याशिवाय वापरू नये असा नियम झाला.

न्यूमोनियासाठी कर्ब-६५ नावाचा साधा स्कोअर आहे: गोंधळलेली मनःस्थिती, रक्तातलं वाढलेलं युरिया, श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा जास्त, उतरलेलं बीपी, आणि वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकाला एक मार्क, मार्क जितके जास्त तितका मृत्यूचा धोका जास्त, आणि शून्य किंवा एक असेल तर बहुधा घरी ठेवून उपचार चालतो. पाच गोष्टी, बोटांवर मोजता येतात, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उपयोगी पडतात.

कॉम्प्युटरने काढलेल्या अंदाजात एक सापळा असतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटचा डेटा कॉम्प्युटरला शिकवला, तर त्याने काढलेला एक नियम असा होता की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी. डेटा खरा होता. पण दमा असलेल्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला धोक्याचा समजून थेट आयसीयूत घेत होते, आणि त्या जास्तीच्या काळजीमुळे ती माणसं वाचत होती. तो नियम तसाच वापरून दम्याच्या पेशंटना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

कोण येतं, कोण बाहेर राहतं

हे सगळं शेवटी माणसांच्या शरीरावर होतं, आणि त्याचा इतिहास स्वच्छ नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना नुसतं बघत राहिले, पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. आज पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी नसेल तर ट्रायल होऊ शकत नाही. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकीत याचे नियम लिहिले, ते वेळोवेळी सुधारले जातात. नंतर लक्षात आलं की न आवडलेले निकाल छापलेच जात नाहीत, त्यामुळे २००५ पासून मोठ्या मेडिकल जर्नल्सनी आधी नोंदणी न केलेली ट्रायल छापायची नाही असं ठरवलं.

म्हातारी माणसं, गरोदर बायका, एकाच वेळी चार आजार असलेले पेशंट यांना ट्रायलमध्ये घेणं टाळलं जातं कारण हिशोब किचकट होतो, आणि दवाखान्यात गर्दी नेमकी त्यांचीच असते. ८० च्या पुढे बीपीची गोळी द्यावी की नाही यावर बराच काळ वाद होता. शेवटी हायव्हेट ट्रायलमध्ये ८० किंवा त्याहून जास्त वयाचे ३,८४५ लोक घेतले, आणि गोळीवाल्यांमध्ये मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी दिसल्यामुळे ती ठरल्याआधीच थांबवली, निकाल २००८ मध्ये आला. त्यातही डिमेन्शिया असलेले आणि ज्यांना नर्सिंगची गरज आहे असे लोक घेतले नव्हते, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या ८५ वर्षांच्या आजींना हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, त्यांच्यासाठी बीपी किती खाली आणायचं हे अजूनही डॉक्टर आणि घरचे मिळून, चक्कर येऊन पडण्याची भीती एका बाजूला आणि स्ट्रोकची दुसऱ्या बाजूला ठेवून ठरवतात.