साक्षीपेक्षा कोठडी बरी

अलिबागपासून गुहागरपर्यंत डोंगरउतार खरवडून 'सेकंड होम'चे प्लॉट पाडणारे आपण रोज बघतो. अमेरिकेतलं व्हाइटवॉटर प्रकरण अशाच धंद्यातून उपटलं. १९७८ मध्ये क्लिंटन आणि मॅक्डूगल या दोन जोडप्यांनी आर्कान्सामध्ये नदीकाठी सुमारे २३० एकर जमीन घेतली. प्लॉट फारसे खपले नाहीत. पुढे जिम मॅक्डूगलची वित्तसंस्था बुडाली, क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुने कागद उकरले गेले.

१९९६ मध्ये जिमची घटस्फोटित पत्नी सुझन कर्जाच्या फसवणुकीत दोषी ठरली. मग या प्रकरणाचा तपास करणारे स्वतंत्र सरकारी वकील केनेथ स्टार यांच्या पथकाने तिला ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, बोलावलं. तुझं बोलणं तुझ्याविरुद्ध वापरणार नाही, असं अभयही दिलं. यातच मेख आहे. अभय मिळालं की गप्प बसायचा हक्क संपतो. तरीही ती बोलली नाही. कमरेला साखळी, हातापायांत बेड्या घातलेला तिचा फोटो तेव्हा गाजला. न्यायालयाच्या अवमानापायी तिने १८ महिने काढले.

क्लिंटनसाहेबांना वाचवायला गेली, असं म्हणणारे पुष्कळ होते. तिचं म्हणणं वेगळंच: स्टार यांना हवं ते उत्तर मी दिलं नाही, तर खोट्या साक्षीचा खटला माझ्यावरच टाकतील. मला हे पटतं. आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदाराचीही गत तीच. त्याने जाणूनबुजून काही लपवलं, असं सरकारी वकिलाने प्रमाणित केलं की माफी धोक्यात येते आणि तो पुन्हा आरोपी. सुझनवर त्याच मौनापायी पुढे वेगळा फौजदारी खटला झाला; १९९९ मध्ये ज्युरीने तिला न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपातून सोडलं. फौजदारी अवमानाच्या आरोपांवर एकमत झालं नाही. जानेवारी २००१ मध्ये, जाता जाता, क्लिंटननी तिला माफी दिली. संशयाला खाद्य मिळालं, ते वेगळं.

कोकणात साक्षीदाराला धाक असतो तो गावकीचा. विरोधात बोललेल्याचं घर वाळीत पडतं, पालखी त्याच्या दारात थांबत नाही. रायगडात अशा तक्रारी एवढ्या झाल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करताना हा जिल्हा सतत चर्चेत होता. कोर्टात उत्तर नाकारणाऱ्याला सात दिवसांपर्यंत कैदेची तरतूद आपल्याकडेही आहे, पण तिथवर कोण जातो? 'आता आठवत नाही, साहेब' म्हणायचं, फितूर ठरायचं आणि संध्याकाळची एसटी पकडायची.